चार वाजताचा तास

सुनेत्राच्या निकालाचं जेवण आपल्याच घरी करायचं, हे मीनाक्षीनेच ठरवलं होतं. नवऱ्याने, नरेशने, विचारलं तेव्हा, "पिंजौरच्या त्या दोन खोल्यांत कुठे मावणार सगळे?" असं म्हणून तिने विषय संपवला. मनातलं कारण वेगळं होतं. जेवण पिंजौरला झालं असतं तर तिला पाहुणी म्हणून जावं लागलं असतं, आणि धाकट्या जावेच्या घरी बसून तिचं कौतुक ऐकत श्रीखंड खाणं तिच्या जिवावर आलं होतं. इथे निदान वाढणारा हात तिचा होता.

शनिवार असल्यामुळे नरेशला सेक्रेटेरिएटची सुट्टी होती. तो सकाळपासून सेक्टर एकोणचाळीसच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये पंखे पुसत, खुर्च्या सरकवत हिंडत होता. अप्पा, म्हणजे त्याचे वडील बाबुराव मोहिते, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दहा वाजल्यापासून फाटकाशी उभे होते. एवढी वाट त्यांनी मीनाक्षीच्या माहेरच्यांची कधी पाहिली नव्हती.

सुनेत्रा आली ती आधी मीनाक्षीच्या पाया पडली. मागे तिचा नवरा शिशिर, आणि त्याचं बोट धरून त्यांची आठ वर्षांची ऋजुता.

"वहिनी, तुमच्यामुळे झालं हे," सुनेत्रा म्हणाली.

हे वाक्य ऐकण्यासाठी मीनाक्षी आठवडाभर थांबली होती. पण पाठोपाठ सुनेत्रा तेच नरेशला म्हणाली, मग अप्पांना म्हणाली. पिंजौरच्या बसच्या कंडक्टरलाही म्हणाली असेल, असं मीनाक्षीच्या मनात आलं आणि त्या वाक्यातली सगळी गोडी गेली.

बी.एड.ला सुनेत्रा कॉलेजात पहिली आली होती, केंद्राची पात्रता परीक्षाही पहिल्या फटक्यात पास झाली होती. कराडची बी.एस्सी. झालेली ही मुलगी लग्न होऊन पिंजौरला आली आणि दहा वर्षं ब्लाउज शिवत बसली. अप्पांना ज्या कारखान्याने साताऱ्याहून इथे आणलं, त्याच कारखान्यात शिशिर लागला होता. कारखाना बंद पडल्यावर तो शाळेची व्हॅन चालवू लागला. दुसऱ्याची व्हॅन. सुनेत्रा पुढे शिकेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. अप्पांनीच कुठूनसं त्या कॉलेजचं नाव काढलं. तिथल्या प्रिन्सिपल ढिल्लों मॅडम गरीब घरच्या मुलींना फी माफ करत, आणि तेवढ्यावर थांबत नसत. धनासच्या वस्तीत दुपारचे वर्ग चालवायला त्या याच मुलींना पाठवत आणि त्याचं मानधन देत. पुस्तकं वर्षभर घरी ठेवू देत.

पहिलं वर्ष सुनेत्रा मीनाक्षीकडे राहिली. सकाळचा स्वयंपाक, संध्याकाळची भांडी आपणहून करायची. "माझ्या जावेला मी शिकवतेय," मीनाक्षी महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना सांगायची, आणि ते खरंही होतं. दुसऱ्या वर्षी कॉलेजने सुनेत्राला बसचा पास काढून दिला, ऋजुताला कॉलेजच्याच शाळेत बिनफीचा प्रवेश दिला, आणि मायलेकी पहाटेच्या बसने पिंजौरहून ये-जा करू लागल्या. मीनाक्षीचं घर लागेनासं झालं. त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी खुपायला लागलं होतं. भांड्यांसाठी बाई ठेवता आली असती. तिला बोचत होतं ते हे, की आपल्या मदतीवाचून या मुलीचं अडत नाही.

पुऱ्या तळायला घेण्याआधी मोठं ताट आणायला ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा तिचा फोन वाजला.

"मीनाक्षीजी? ढिल्लों बोल रही हूँ. सुनेत्रा का फ़ोन बंद आ रहा है."

सुनेत्राचा फोन ऋजुताने गेम खेळून संपवला होता. तो बाहेर टीव्हीखाली मरून पडला होता. इथे राहायला होती तेव्हा सुनेत्राने कॉलेजात जोडीला मीनाक्षीचा नंबर दिला होता, तो तसाच राहिला होता.

मॅडम घाईत होत्या. मनीमाजऱ्याच्या शाळेत मंगळवारी सुनेत्राचा नमुना-तास ठरला होता. तो पाहून शाळा तिला कायमची नेमणूक देणार होती. पण समितीतले एकजण उद्या परगावी निघाले होते. तास आजच, संध्याकाळच्या पाळीत, चार वाजता. "उसको बता देंगी ना? दूसरी लड़की भी आ रही है. सुनेत्रा नहीं पहुँची तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी."

"जी, ज़रूर बता दूँगी," मीनाक्षी म्हणाली.

फोन ठेवून ताट घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सुनेत्रा कणकेचे गोळे करत होती. "कुणाचा फोन, वहिनी?"

"शाळेतून. काही नाही," मीनाक्षी म्हणाली आणि कढईत पुरी सोडली.

पुरी टम्म फुगली. आत्ता सांगते, ही काढली की सांगते, असं ती स्वतःशी म्हणत राहिली. मग दुसरी सोडली. जेवण होऊ दे, उपाशीपोटी कशाला पाठवायची? हे कारण तिला पटलं. साडेबारा तर वाजले होते, वेळ पुष्कळ होता.

जेवताना अप्पांना कंठ फुटला होता. "प्रवेशाच्या दिवशी मी पहाटेपासून रांगेत उभा होतो," ते नरेशला सांगू लागले. "गुडघा एवढा सुजलेला. शिपाई म्हणाला, बाबाजी, आपका एडमिशन है क्या? म्हटलं, हो, माझाच समज."

सगळे हसले. कादंबरी, मीनाक्षीची अकरावीतली मुलगी, टाळी वाजवून म्हणाली, "आजोबा, सो स्वीट!"

मीनाक्षी वाढता वाढता थांबली. "माझ्या वेळी कुणी उभं राहिलं नव्हतं," ती म्हणाली.

ती हसतच बोलली होती, पण कुणी हसलं नाही. त्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी काढत नसे. पुण्यात तिचं बी.एड. अर्धं झालं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. "एवढं वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी इथे प्रवेश घेऊ," अप्पा म्हणाले होते. सासूबाई तीन वर्षं जगल्या, मग कादंबरी झाली, आणि ते पुढचं वर्ष कधी आलं नाही. पंचकुल्याच्या खासगी शाळेत ती अजून दरवर्षी नव्या करारावर सही करून लहान वर्गांना इंग्रजी शिकवत होती.

अप्पांनी घास खाली ठेवला. "तुझ्या वेळी असं कॉलेज माहीत नव्हतं गं."

"हो ना. श्रीखंड घ्या."

"काकू, मंडे को आओगी?" कादंबरीने विषय बदलला. "इंटिग्रेशन में अटकी पड़ी हूँ. ममा को नहीं आता."

"येईन की," सुनेत्रा म्हणाली.

मग शिशिरने घसा साफ केला. एरवी तो जेवताना बोलत नसे. "दादा, मंगळवारचं जमलं तर शाळेच्या आवारात राहायला जागा देणार आहेत. तीन खोल्या. मी अप्पांना म्हटलंय, आमच्याकडे चला."

नरेशने अप्पांकडे पाहिलं. "काय हो अप्पा? मला बोलला नाहीत."

"जमलं तर बोलणार होतो," अप्पा म्हणाले. "ऋजुता दुपारी शाळेतून येईल, ही दोघं कामावर. कुणी घरी नको का? इथे आता माझं काय काम उरलंय? कादंबरी स्कूटीवरून जाते. नरेश संध्याकाळी येतो तो फाइली घेऊन."

त्यांनी नरेशचं नाव घेतलं, कादंबरीचं घेतलं. मीनाक्षीचं घेतलं नाही. तिचे वडील ती कॉलेजात असताना गेले. परक्या मुलखात आली तेव्हा भाजीवाल्याशी हिंदी कशी बोलायची हे तिला अप्पांनी शिकवलं होतं. ती शाळेतून चिडून आली की ते तिच्याजवळ बसत, त्या हेडमिस्ट्रेसला मराठीतून शिव्या घालत, आणि ती हसेपर्यंत उठत नसत. त्यांच्याशी ती जेवढं बोलली होती तेवढं नवऱ्याशीही बोलली नव्हती. आणि आता सुनेत्रा हेही घेऊन चालली.

"वहिनी, तुम्ही बसा ना," सुनेत्रा म्हणाली, "मी वाढते."

"तू जेव," मीनाक्षी म्हणाली. तिने सुनेत्राच्या पानात आणखी दोन पुऱ्या वाढल्या, वर मसालेभाताची मूद ठेवली. "सावकाश जेव. आज कुठे घाई आहे?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटली. किती प्रेमळ आवाज होता तो!

जेवणं लांबली. नरेश आणि शिशिर दिवाणावर लवंडले, अप्पा गॅलरीत पेपर घेऊन बसले, मुली कादंबरीच्या खोलीत गेल्या. दोघी जावा ओट्याशी उभ्या राहून भांडी घासू लागल्या. भिंतीवरचं घड्याळ मीनाक्षीच्या पाठीमागे होतं आणि ती वळून पाहत नव्हती. मॅडमनी मला सांगायलाच नको होतं, ती मनात म्हणत होती. नंबर बदलून का नाही दिला? फोन चार्ज करून का नाही ठेवला? नशीब म्हणतात ते असंच असतं, माझ्या वेळी नव्हतं का?

"वहिनी, एक विचारू?" सुनेत्राने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मंगळवारी अपूर्णांक घेणार आहे. थोडं इंग्रजीतून बोलावं लागेल. माझी वाक्यं ऐकाल? कॉलेजात सगळ्या म्हणाल्या छान आहे, पण त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. तुम्ही खरं सांगाल."

आणि साबणाचे हात तसेच धरून ती नळापुढे उभ्या उभ्या सुरू झाली. समोर चाळीस मुलं बसल्यासारखी मान वळवत, थांबत. एका ठिकाणी क्रियापद चुकलं.

"'डिव्हाइडेड'," मीनाक्षीच्या तोंडून निघालं. "भूतकाळ आहे ना तिथे."

"डिव्हाइडेड," सुनेत्राने घोकलं. "बघा, हेच. हे मला कुणी सांगितलं नसतं."

आपण त्या क्षणी का बोललो, हे मीनाक्षीला पुढेही कधी नीट कळलं नाही. दया आली म्हणावी तर तसं नव्हतं. त्या मुलीच्या तोंडाकडे बघवेना, एवढं मात्र खरं.

"सुनेत्रा, तुझा तास मंगळवारी नाही. आज आहे. चार वाजता."

सुनेत्राला आधी समजलंच नाही. मग तिने मान वर करून घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. "कोण म्हणालं?"

"ढिल्लों मॅडमचा फोन आला होता. हात धू. मी गाडी काढते."

मध्य मार्गावर शनिवारची गर्दी होती. सुनेत्रा ओले हात पदराला पुसत, ओठ हलवत पाठ म्हणत होती. तिने साडी बदलली नव्हती. पदराजवळ श्रीखंडाचा डाग होता. हाऊसिंग बोर्डच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा तिने समोर बघतच विचारलं, "फोन कधी आला होता, वहिनी?"

"जेवायच्या आधी."

"तुम्ही पुऱ्या तळायला लागलात तेव्हा?"

"हो."

दिवा हिरवा झाला. सुनेत्रा पुन्हा ओठ हलवत पाठ म्हणू लागली.

शाळेच्या दारात ढिल्लों मॅडम उभ्या होत्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात पर्स गच्च धरलेली. सुनेत्राला त्यांनी जवळजवळ ढकलतच वर्गात नेलं. मीनाक्षी बाहेरच थांबणार होती, पण मॅडमनी तिला मागच्या बाकावर बसवलं.

संध्याकाळच्या पाळीची मुलं दमलेली असतात. काहीजण कामावरून थेट आले होते. मीनाक्षीला वाटलं, हिच्याकडे ना तक्ता, ना कागद, ना ठोकळे. ही करणार काय? सुनेत्राने फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं.

"ये आपका दिन है," ती म्हणाली. "पूरा दिन. इसमें से सोते कितना हो?"

एक मुलगी म्हणाली, सहा तास. सुनेत्राने तिलाच बोलावून तेवढा भाग रंगवायला लावला. चौथा हिस्सा. मग काम. ती मुलगी आईबरोबर बंगल्यांमध्ये भांडी घासायला जात होती; तोही भाग निघाला. बघता बघता फळ्यावर दहा वर्तुळं झाली, दहा मुलांचे दहा दिवस, आणि मुलं ओरडून ओरडून सांगू लागली की कुणाच्या दिवसात खेळायला कितवा भाग उरला. सुनेत्रा मध्ये मध्ये इंग्रजीत सांगत होती. 'डिव्हाइडेड' पाशी ती अडखळली, चुकली, आणि हसून म्हणाली, "गलत बोला मैंने. आज ही सीखा है. सब मिलके बोलो." सगळा वर्ग मिळून बोलला.

इतक्या वर्षांत मीनाक्षी वर्गात एकदाही अशी चुकली नव्हती. चुकली असती तर तिने ते झाकलं असतं. नोकरीचा, जागेचा, अगदी अप्पांचाही हेवा तिला आतापर्यंत वाटला होता, पण हा हेवा निराळा होता. हे सुनेत्राला कुणी दिलेलं नव्हतं आणि कुणाला काढूनही घेता आलं नसतं.

समितीची माणसं आत गेली तेव्हा मॅडम मीनाक्षीशेजारी येऊन बसल्या. "फ़ीस तो हम माफ़ कर देते हैं," त्या म्हणाल्या. "बस पास, किताबें, सब हो जाता है. लेकिन घर से कोई निकलने न दे तो हम क्या करें? हर साल दो-चार लड़कियाँ ऐसे ही छूट जाती हैं. सुनेत्रा को आप जैसी जेठानी मिली."

मीनाक्षी "जी" म्हणाली.

सुनेत्राची नेमणूक झाली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

गाडीत बसल्यावर सुनेत्राने मीनाक्षीचा फोन मागितला आणि अप्पांना बातमी दिली. पलीकडून त्यांचा रडका-हसरा आवाज मीनाक्षीलाही ऐकू आला. "हो, अप्पा," सुनेत्रा म्हणाली, "वहिनींनी आणलं म्हणून पोचले. फोन आल्याबरोबर निघालो आम्ही."

फोन परत देत ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण अप्पा आमच्याकडे येतील तेव्हा तुम्ही रडायचं नाही, थांबा म्हणायचं नाही."

मीनाक्षी गाडी सुरू करायची विसरली. "हा सौदा आहे का?"

"तसं समजा." सुनेत्रा तिच्याकडे वळली. "जळणं तुम्हालाच येतं असं वाटतं का तुम्हाला? वर्षभर मी तुमच्या घरात होते. अप्पा जेवायला बसले की आधी विचारायचे, मीनाक्षी जेवली का? ताप आला तरी तुमचंच नाव. माझ्यासाठी रांगेत उभे राहिले ते का, माहितीये? मीच विचारलं होतं. म्हणाले, एकीच्या बाबतीत चुकलो, दुसरीच्या नको. म्हणजे तेही तुमच्यासाठीच. आजचं त्यांना सांगितलं ना, तर ते माझ्यावर माया करतील आणि तुम्हाला माफ करतील. म्हणून सांगायचं नाही. मला ते हवेत, वहिनी. एकदा तरी माझ्या घरात ते माझे म्हणून हवेत."

घरी सगळ्यांनी सुनेत्राला गराडा घातला. नरेशने पेढे आणले, कादंबरी तिच्या गळ्यात पडली. मीनाक्षी गॅलरीत गेली. अप्पा तिथे एकटेच होते, चष्मा पुसत.

"आणलीस बाई तिला वेळेवर," ते म्हणाले.

ते तुम्हाला माफ करतील, हे सुनेत्राचं वाक्य वाटभर मीनाक्षीच्या डोक्यात फिरत होतं. तेवढा एक हुकमाचा पत्ता अजून तिच्या हातात होता. पश्चात्तापापेक्षा त्या पत्त्याच्याच भरवशावर ती बोलली.

"वेळेवर नाही, अप्पा. फोन साडेबाराला आला होता. मी तीन वाजेपर्यंत सांगितलं नाही. मुद्दाम."

आत हशा उसळला. अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा.

"तुझ्यावर रागवायचा मला काय अधिकार?" ते म्हणाले. "तुझं ते वर्ष मीच खाल्लं. जाऊ दे. सांगितलंस ना शेवटी? झालं ते झालं."

मीनाक्षी थांबली. आता ते म्हणतील, नाही गं, मी इथेच राहतो. हात अजून डोक्यावरच होता.

"एक तारीख म्हणाली ना ती?" अप्पांनी विचारलं. "मग उद्यापरवा माझी पेटी माळ्यावरून काढून दे. उन्हात ठेवावी लागेल दोन दिवस. आणि हे बघ, ऋजुताची शाळा किती वाजता सुटते, जरा विचारून ठेव."

एवढ्या चटकन त्यांनी तिला आजवर कधीच माफ केलं नव्हतं. दूध उतू गेलं तरी दोन दिवस धुसफुसणारे अप्पा ते. मीनाक्षीला कळलं, की त्यांनी तिच्याशी भांडणं सोडून दिलं होतं. निघालेला माणूस मागचं सगळं निकालात काढतो तसे ते मोकळे झाले होते.

"विचारते," ती म्हणाली, आणि आत वळली. दिवाणखान्यात ऋजुता पेढा खात बसली होती. मीनाक्षीने तिच्यापाशी वाकून, पुरेसा मोठा आवाज काढून, सगळ्यांदेखत तिला शाळा सुटायची वेळ विचारली. सुनेत्राने चमकून वर पाहिलं. मीनाक्षीने नजर वळवली नाही, आणि ती रडलीही नाही.